उत्पादन थांबल्यावर सुरू झालेले त्रैमासिक : ‘ज्यूस्ड.जीएस’चा प्रकरण अभ्यास

ॲपल कंपनीने ॲपल टू मालिकेतला शेवटचा संगणक नोव्हेंबर १९९३ मध्ये विक्रीतून काढला. त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी, १९९६ साली, त्याच संगणकाच्या वापरकर्त्यांसाठी अमेरिकेत एक नवे छापील त्रैमासिक निघाले. नाव ‘ज्यूस्ड.जीएस’. २०२० साली त्याचा पंचविसावा खंड पूर्ण झाला आणि त्यानंतरही अंक निघत राहिले. ॲपल टू भराभर खपत होता त्या काळातल्या एकाही गुळगुळीत, जाडजूड मासिकाला एवढे आयुष्य लाभले नव्हते.

जुन्या यंत्रावरची माया हे याचे एक कारण आहेच. पण माया असलेले वाचक इतर बंद पडलेल्या मासिकांकडेही होते. माझ्या मते या प्रकरणाचा खरा गाभा वर्गणीच्या हिशेबात आहे, म्हणून पुढे त्यावर जास्त वेळ घालवला आहे. संपादकांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत. पहिले संपादक, नंतरचे संपादक असाच उल्लेख केला आहे.

पार्श्वभूमी

एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये ॲपल टू लोकांसमोर आला. ६५०२ प्रोसेसर, वेग साधारण १ मेगाहर्ट्झ. ४ किलोबाइट मेमरी असलेल्या यंत्राची किंमत १,२९८ डॉलर. वरचे झाकण हाताने उचलता येत असे. आत आठ स्लॉट, म्हणजे जादा सर्किटची कार्डे बसवायच्या खाचा, होते आणि कोणीही स्वतःचे कार्ड तयार करून त्यात बसवावे अशी मोकळीक होती. लवकरच आलेल्या लाल मुखपृष्ठाच्या माहितीपुस्तकात संपूर्ण सर्किटचा आराखडा आणि रॉममध्ये, म्हणजे यंत्राच्या कायमच्या स्मृतीत, असलेल्या ‘मॉनिटर’ या मूळ प्रोग्रॅमचा कोडही छापलेला होता. आज विकत घेतलेल्या बहुतेक यंत्रांबद्दल एवढी माहिती मालकाच्या हाती पडत नाही.

हे सांगणे गरजेचे आहे, कारण या यंत्राचे वाचक त्यातूनच घडले. मासिकांत ‘बेसिक’ या संगणकभाषेतले प्रोग्रॅम छापून येत आणि वाचक ते ओळ न् ओळ टंकून घेत. एखादी ओळ चुकली की प्रोग्रॅम अडे, मग ती शोधायची. शोधता शोधता माणूस प्रोग्रॅम शिके, त्यात सुधारणा करे आणि ती सुधारणा संपादकाला पत्राने कळवी. वाचकाचा लेखक होण्याचा रस्ता असा अगदी आखूड होता. पुढे या त्रैमासिकाला लिहिणारी माणसे मिळत गेली ती याच रस्त्याने.

आपल्याकडे १९८४ पासून शाळांत संगणक शिकवण्याच्या ‘क्लास’ या सरकारी योजनेतून काही शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले, त्यामुळे त्या पिढीतल्या अनेकांची पहिली ओळख त्या यंत्राशी झाली. अमेरिकेतल्या शाळांत ती जागा ॲपल टूची होती.

मालिका पुढे वाढत गेली. १९८३ मध्ये टू-ई आला. एप्रिल १९८४ मध्ये टू-सी आला आणि त्या समारंभात कंपनीनेच ‘ॲपल टू फॉरएव्हर’ अशी घोषणा दिली. सप्टेंबर १९८६ मध्ये टू-जीएस आला : ६५सी८१६ प्रोसेसर, २.८ मेगाहर्ट्झ वेग, ४,०९६ रंग आणि त्या काळी घरगुती संगणकात क्वचित मिळणारी एन्सॉनिकची ध्वनिचिप. मात्र कंपनीचे लक्ष तोवर मॅकिंटॉश (मॅक) या आपल्याच दुसऱ्या संगणकाकडे वळले होते. डिसेंबर १९९२ मध्ये टू-जीएस बंद झाला आणि वर्षभरात टू-ईसुद्धा.

मासिके तर त्याआधीच गळू लागली होती. ‘सॉफ्टटॉक’ने नव्या ॲपल मालकांना फुकट अंक पाठवून मोठा वाचकवर्ग मिळवला, पण ते १९८४ मध्येच आर्थिक अडचणीत येऊन बंद पडले. ‘कॉल-ए.पी.पी.एल.ई.’ १९९० मध्ये थांबले, ‘निबल’ १९९२ मध्ये आणि ‘इनसायडर/ए-प्लस’ जुलै १९९३ मध्ये. उरलेल्या आशा दोन लहान प्रकाशनांवर होत्या, ‘ए-टू सेंट्रल’ आणि ‘जीएस प्लस’. १९९५ मध्ये तीही गेली.

अडचण

मोठी मासिके कशी बंद पडली तो क्रम पाहण्यासारखा आहे, कारण नव्या संपादकाला नेमके तेच टाळायचे होते. त्यांचा पैसा मुख्यतः जाहिरातींतून येई. उत्पादन मंदावले तसे टपालाने सुटे भाग आणि सॉफ्टवेअर विकणारे व्यापारी जाहिराती कमी करू लागले. जाहिराती घटल्या म्हणून पाने घटली, पाने घटली म्हणून वाचकांनी वर्गणीचे नूतनीकरण केले नाही, आणि वाचक कमी झाले म्हणून उरलेले जाहिरातदारही निघून गेले. वाचक अजून हजारांत असताना मासिक बंद पडले, कारण तो सगळा डोलारा लाखांसाठी उभारलेला होता.

म्हणजे १९९६ मध्ये वाचक होते. हजारो यंत्रे घराघरांत चालू होती. कॅन्सस सिटीला १९८९ पासून दर जुलैत भरणारा ‘कॅन्ससफेस्ट’ हा वापरकर्त्यांचा मेळावाही टिकला होता. तो भरवणारी कंपनी १९९५ मध्ये मिटली, तेव्हा येणाऱ्यांनीच तो पुढे चालवला. महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहायचे, रात्रभर यंत्रे उघडून बसायचे, असा तो मेळावा.

खरी अडचण विश्वासाची होती. या वाचकांनी ओळीने चार-पाच मासिके बुडताना पाहिली होती. कंपनीने ‘फॉरएव्हर’ म्हटलेले ऐकले होते आणि मग तीच कंपनी पाठ फिरवताना पाहिली होती. अशा माणसाकडे नव्या मासिकासाठी वर्षाची वर्गणी आगाऊ मागायची, तर तो पहिला प्रश्न विचारणार : चारही अंक येतील ना?

दुसरी अडचण मजकुराची. कंपनी काही नवीन काढणार नव्हती. मग दर तीन महिन्यांनी छापायचे काय?

समोरचे पर्याय

त्या वेळी उघडे असलेले रस्ते इतरांनी चालून पाहिलेले होते, त्यामुळे प्रत्येकाचा शेवट कुठे होतो हे दिसत होते.

मॅकिंटॉशलाही अंकात जागा द्यायची, म्हणजे वाचकवर्ग वाढेल, हा एक रस्ता. ‘इनसायडर/ए-प्लस’ने अखेरच्या काळात मॅकचा मजकूर वाढवला होता. पण मॅकसाठी आधीच मोठी मासिके होती आणि ॲपल टूवाल्याला आपल्याच मासिकात आपण पाहुणे झालो असे वाटू लागले. यात हातचे वाचक जाण्याचा धोका उघड होता.

डिस्कवर मासिक काढायचे हा दुसरा. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टची ‘सॉफ्टडिस्क’ हे काम १९८१ पासून करत होती. छपाईचा खर्च वाचतो, प्रोग्रॅम टंकावे लागत नाहीत. मात्र दर अंकाला भरपूर नवे सॉफ्टवेअर लागते आणि ते लिहिणारी माणसे तर यंत्र सोडून चालली होती.

तिसरा रस्ता हौशी पत्रिकेचा : मजकूर जमला की अंक काढायचा, वेळेचे बंधन नाही. मराठीत लघुअनियतकालिकांची मोठी परंपरा आहे आणि तिने उत्तम साहित्य दिले, त्यामुळे आपल्याला हा पर्याय जवळचा वाटतो. पण ज्याने आगाऊ पैसे दिलेत त्याला ‘जमेल तेव्हा’ हे उत्तर पुरत नाही.

आणि चौथा, लहान आकाराचे, कमी पानांचे, वर्गणीवरच चालणारे, ठरलेल्या महिन्यांत निघणारे छापील त्रैमासिक. यात नफ्याला जवळजवळ जागा नव्हती. निवड याचीच झाली.

निर्णय आणि त्यामागचे गणित

पहिला निर्णय कागदाचा. १९९६ मध्येही ताज्या बातम्या ऑनलाइन सेवांवर आधी येत. म्हणजे बातम्यांच्या शर्यतीत त्रैमासिक हरणारच होते. म्हणून त्याने तीन महिन्यांनीही शिळे होणार नाही असे लेखन धरले : एखादे कार्ड काही आठवडे वापरून केलेले सविस्तर परीक्षण, जुन्या प्रोग्रॅमरची मुलाखत, दुरुस्तीची पायरीवार कृती, मेळाव्याचा वृत्तान्त. पहिले संपादक पेशाने वृत्तपत्रातले होते. मजकूर मागवणे, तपासणे, ठरलेल्या दिवशी अंक छापायला देणे हे त्यांचे रोजचे काम होते. हौशी प्रकाशनांत लेखक पुष्कळ सापडतात. लेखकाकडून वेळेत लेख काढून घेणारा माणूस मिळणे कठीण, आणि इथे तो पहिल्या दिवसापासून होता.

दुसरा निर्णय वारंवारितेचा. मासिक काढण्याइतका मजकूर मिळाला असता का? सुरुवातीच्या उत्साहात कदाचित हो. पण बारा अंक कबूल करून सात देणे आणि चार कबूल करून चार देणे यांत वाचकाच्या मनात राहणारी खूण अगदी उलट असते. मराठीत ज्यांचा लहान नियतकालिकांशी संबंध आला आहे त्यांना ‘जोडअंक’ परिचयाचा असेल. दोन महिन्यांचा एकच अंक काढला की संपादकाचा श्वास मोकळा होतो, पण वर्गणीदाराच्या मनात एक आकडा वजा होतो. चारच अंक ठरवल्याने जोडअंकाची वेळच येऊ नये अशी सोय झाली.

तिसरा निर्णय, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, वर्गणीच्या रचनेचा. रुळलेली पद्धत अशी : मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर हे चार अंक मिळून एक खंड, आणि वर्गणी त्या एका खंडाची. कोणी मे महिन्यात वर्गणी भरली तर त्याला मार्चचा अंकही पाठवायचा, म्हणजे सगळ्यांची वर्गणी डिसेंबरातच संपते. पुढचे वर्ष काढायचे हे ठरले की तसे जाहीर करायचे आणि मगच पुढच्या वर्षाचे पैसे घ्यायचे.

यातली खुबी हिशेबाच्या वहीत दिसते. समजा, एखाद्या त्रैमासिकाचे तीनशे वर्गणीदार आहेत आणि प्रत्येकाची वर्गणी त्याने भरली त्या महिन्यापासून वर्षभर चालते. मग कुठल्याही दिवशी वही उघडा, कोणाचे तीन अंक देणे असते, कोणाचे एक. देणे शून्य आहे असा दिवस कधीच उगवत नाही. बंद करायचे म्हटले की पैसे परत करा किंवा दुसऱ्या मासिकाकडे वर्गणीदार सोपवा, आणि पैसे तर आधीच्या अंकाच्या छपाईत गेलेले. ॲपल टूच्या वाचकांनी हे अनुभवले होते. खंडाची वर्गणी ठेवली की डिसेंबरचा अंक टपालात पडला त्या दिवशी संपादक कोणाचेही काही लागत नाही. पुढे जायचे की नाही हे त्याला दरवर्षी मोकळ्या मनाने ठरवता येते.

आपल्याकडच्या आजीव वर्गणीच्या प्रथेशी हे ताडून पाहावे. सुरुवातीला एकरकमी भांडवल हवे म्हणून आजीव वर्गणीदार केले जातात. ती रक्कम पहिल्या काही वर्षांत खर्च होते आणि मग वाढत्या कागदाच्या आणि टपालाच्या दरात तेवढे अंक कायमचे फुकट पाठवत राहावे लागतात. ज्यांनी सर्वांत आधी विश्वास टाकला तेच वाचक कालांतराने संस्थेवरचे ओझे ठरतात, आणि त्यांचा त्यात काहीही दोष नसतो. उत्पादन बंद झालेल्या यंत्राचे त्रैमासिक तर असे वचन देऊच शकत नव्हते. जेवढे नक्की छापता येईल तेवढ्याचेच पैसे घेणे, हा मला वाचकाचा खरा मान राखणे वाटते.

चौथा निर्णय व्याप्तीचा. नावात ‘जीएस’ आहे, म्हणजे मालिकेतले एकच यंत्र. केवळ टू-जीएसच्या मालकांपुरते राहिले असते तर वर्तुळ दर वर्षी आवळत गेले असते. अंकांनी हळूहळू सगळी ॲपल टू मालिका कवेत घेतली, पण मालिकेबाहेर पाऊल टाकले नाही. मॅककडे वळणे आणि मालिकेतल्याच टू-प्लस या जुन्या यंत्राकडे मागे वळणे यांत हा फरक आहे : पहिल्यात वाचक बदलतो, दुसऱ्यात तोच वाचक आपले जुने यंत्र माळ्यावरून खाली काढतो.

पाचवा टप्पा हस्तांतराचा. पहिल्या संपादकांनी काही वर्षांनी काम दुसऱ्यांकडे दिले आणि २००६-०७ च्या सुमारास ते आणखी पुढच्या हाती गेले. लहान नियतकालिके बहुधा संस्थापकाबरोबर संपतात. इथे घेणारी माणसे त्याच वर्तुळातली होती, अंकात लिहिणारी, मेळाव्याला येणारी. नाव तेच, खंडांचा क्रम तोच, वर्गणीची रीत तीच. नव्या संपादकाने आल्याआल्या सगळे बदलण्याचा मोह आवरला, हे श्रेय मोठे आहे.

फलित

मजकुराची भीती खोटी ठरली. कंपनी थांबली, पण वापरकर्ते थांबले नाहीत. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाला हार्ड डिस्कसारखे वापरू देणारी कार्डे हौशी अभियंत्यांनी बनवली, इथरनेटची कार्डे आली. २०१५ मध्ये टू-जीएसच्या कार्यप्रणालीची ६.०.२ ही आवृत्ती वापरकर्त्यांनीच काढली. कंपनीची शेवटची ६.०.१ ही १९९३ मधली. सप्टेंबर २०१६ मध्ये, टू-जीएसला तीस वर्षे झाली तेव्हा, एका प्रोग्रॅमरने प्रोडॉस या ॲपल टूच्या डिस्क-कार्यप्रणालीची २.४ आवृत्ती दिली आणि ती मालिकेतल्या जुन्या ६५०२ यंत्रांवरही चालली. २०२० अखेरीस ‘नॉक्स आर्केइस्ट’ हा नवा रोल-प्लेइंग खेळ डिस्कवर, खोक्यात घालून, छापील पुस्तिकेसह विक्रीला आला. २०१२ च्या कॅन्ससफेस्टला ‘डूम’ या संगणक-खेळाच्या निर्मात्यांपैकी जॉन रोमेरो बीजभाषणाला आले, त्यांची सुरुवातही ॲपल टूवर झाली होती.

आणि यात त्रैमासिक फक्त नोंद करणारे नव्हते, असे मला वाटते. आपण रात्री जागून केलेल्या कार्डाचे कोणी गंभीरपणे परीक्षण करील, ते छापून येईल आणि कपाटात राहील, ही खात्री एकट्याने काम करणाऱ्या माणसाला मोठा आधार देते. वाचक लेखक होतो, लेखक यंत्रासाठी काही बनवतो, आणि त्यावर पुढचा अंक निघतो. छापील प्रोग्रॅमच्या काळातली ती साखळी आकाराने लहान झाली, पण तुटली नाही.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. यातून कोणाचा संसार चालत नाही. संपादक आणि लेखक आपली नोकरी सांभाळून हे करतात. नवे वाचक येतात ते बहुतेक लहानपणी हे यंत्र वापरलेलेच.

काय वेगळे करता आले असते

चालू अंक केवळ कागदावर देण्याच्या निर्णयाने अमेरिकेबाहेरचा वाचक दुरावला. अंक हलका, पण परदेशी टपालाचा दर अंकाच्या किमतीशी स्पर्धा करतो. फ्रान्स, ऑस्ट्रेलिया इथे ॲपल टूचे जाणते लोक आहेत. त्यांच्यापुरती तरी त्या-त्या देशात छपाई करून वाटण्याची सोय एखाद्या वर्गणीदाराच्या मदतीने आधीपासून लावता आली असती. चालू अंकाची डिजिटल प्रत लगेच द्यावी असे मी म्हणणार नाही. एवढ्या लहान वर्गणीसंख्येत ती पहिल्याच दिवशी हातोहात फुकट फिरली असती, तर छपाईचा खर्च निघाला नसता.

हस्तांतर जमले, पण ते माणसांच्या चांगुलपणावर जमले. वर्गणीदारांची यादी, छपाईचे हिशेब आणि लेखकांशी झालेले करार कायम दोन माणसांकडे असावेत, आणि संपादक आजारी पडला तर चालू खंडाचे उरलेले अंक कोण काढील हे लिहून ठेवावे. चार अंकांचे देणे लहान असले तरी ते एका माणसाच्या प्रकृतीवर टांगलेले असू नये.

राहिला प्रश्न शेवटाचा. खंडाच्या पद्धतीत बंद करण्याचा दिवस आपोआप ठरलेला आहे, डिसेंबरचा अंक. ही सोय असताना मार्चच्या अंकातच वाचकांना कळवता येईल की हे वर्ष शेवटचे. म्हणजे ज्यांच्या मनात एखादा लेख वर्षानुवर्षे राहून गेला आहे त्यांना तो लिहायला नऊ महिने मिळतील, आणि मागचे कोणते अंक कमी आहेत हे पाहून ते मागवायलाही.